क्रीटवरील समुद्रस्नानाचा हंगाम

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे आणि भूमध्य समुद्रातील पाचव्या क्रमांकाचे बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किमी., रुंदी १२ ते ६० किमी. येथे समुद्रात पोहण्याचा हंगाम मेच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संपतो. त्यातला सर्वांत चांगला काळ सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. तेव्हा निघणे जमत नसेल, तर जूनचा पहिला पंधरवडा घ्यावा. हा निवाडा पाण्याचे तापमान आणि वारा या दोन गोष्टींवर केलेला आहे. सहलीच्या जाहिरातींत बहुधा हवेचे तापमान तेवढे छापलेले असते, आणि ते पाहून तारखा ठरवणाऱ्याची निवड तिथेच फसते.

समुद्र हवेपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील हेराक्लियन शहरात मे महिन्यात दुपारचे तापमान साधारण २४° से. असते आणि ऑक्टोबरमध्येही जवळपास तेवढेच. पण मेच्या आरंभी पाणी १९°च्या आसपास असते, तर ऑक्टोबरच्या आरंभी २४°च्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते १६°पर्यंत उतरलेले असते. जूनच्या मध्याला २२°-२३°, जुलैत २४°-२५° आणि ऑगस्टमध्ये २५°-२६°पर्यंत चढते. सप्टेंबरमध्ये ते २५° टिकून राहते आणि नोव्हेंबरमध्ये २०°वर येते. उत्तर युरोपातल्या माणसाला १९° पाणी पोहण्याजोगे वाटते, म्हणून तिकडच्या मार्गदर्शकांत ‘मेमध्ये बिनधास्त जा’ असे लिहिलेले आढळते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातही पाणी सहसा २५°च्या खाली जात नाही. त्या पाण्याची सवय असलेल्याला २०° म्हणजे अंगावर काटा आणणारी थंडी वाटते, आणि मुले थोड्याच वेळात कुडकुडत बाहेर येतात. मे-जूनमध्ये मुलांना घेऊन जायचे असेल, तर नैऋत्य टोकाचे एलाफोनिसी किंवा वायव्येचे बालोस गाठावे. तिथली खाजणासारखी उथळ, गुडघाभर पाण्याची पुळण दिवसभराच्या उन्हाने खुल्या समुद्रापेक्षा चांगलीच कोमट होते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावरून उत्तरेकडचा कोरडा, जोरदार वारा वाहतो. त्याला मेल्तेमी म्हणतात. प्राचीन ग्रीक त्याला ‘एतेसियाई’, म्हणजे दरवर्षी येणारे वारे, म्हणत; आपल्या ‘मोसमी’ शब्दाच्या मुळाशी असलेला अरबी ‘मौसिम’ही ऋतूच सांगतो. हे साम्य शब्दापुरते नाही. उन्हाळ्यात वायव्य भारतापासून इराणी आखातावरून तुर्कस्तानपर्यंत कमी दाबाचा एक सलग पट्टा तयार होतो आणि बाल्कन प्रदेशावर जास्त दाब असतो. या दोहोंमधल्या उतारावरून मेल्तेमी धावतो. भारतीय मोसमी पावसात वर गेलेल्या हवेचा परिणाम म्हणून पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली बसते आणि तिथले आकाश निरभ्र राहते. सह्याद्रीवर जुलैत धो-धो कोसळत असते, तेव्हा क्रीटवर जवळपास थेंबही पडत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

मेल्तेमी सुटला की उत्तर किनाऱ्यावर सकाळी दहा-अकरापर्यंत पाणी बऱ्यापैकी शांत असते. मग लाटा वाढत जातात आणि संध्याकाळी पुन्हा जोर ओसरतो. एकदा बसलेला वारा तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही हटत नाही. रेथिम्नोची जवळपास १२ किमी. लांबीची सरळ, उघडी पुळण तेव्हा लाल बावट्याखाली जाते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो, त्यामुळे कोकणासारखे ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागत नाही. पण त्यावरून हे पाणी निर्धोक समजणे ही मोठी चूक आहे. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी अरुंद पट्ट्यातून परत समुद्राकडे ओढले जाते आणि पोहणाऱ्यालाही ओढते. अशा वेळी किनाऱ्याकडे झुंजत राहू नये, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे.

‘उत्तरेला वारा असेल तर दक्षिणेला जा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. बेटाच्या कण्यासारख्या पर्वतरांगांमध्ये लेफ्का ओरी आणि प्सिलोरितिस यांची शिखरे २,४५० मी.पेक्षा उंच आहेत. त्यांना ओलांडून आलेला वारा घळींतून दक्षिणेकडे झोताने उतरतो आणि उतरताना तापतो. म्हणून दक्षिण किनारा उत्तरेपेक्षा काही अंश अधिक उष्ण असतो. प्लाकियाससारख्या गावी तर वाळू अंगाला टोचते. तिथे पाणी सपाट दिसते, पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. हवा भरलेली गादी किंवा रबरी चकती घेऊन मूल पाण्यात गेले, तर काही मिनिटांत ते हाताबाहेर जाऊ शकते. अशा दिवशी फुगवलेली खेळणी गाडीतच ठेवावीत.

ऑगस्टशिवाय पर्याय नसेल, तर आडोशाची जागा शोधावी: हेराक्लियनच्या पश्चिमेची आगिआ पेलागिया ही खाडी किंवा ईशान्येकडील एलुंदाचे आत शिरलेले पाणी. पूर्व टोकाकडचा कुरेमेनोस किनारा शिडाच्या फळीवर खेळणाऱ्यांना याच वाऱ्यासाठी आवडतो, पोहणाऱ्यांनी तो टाळावा. १५ ऑगस्टला मेरी मातेचा मोठा सण असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळा ग्रीस सुटीवर असतो, म्हणून खोली, भाड्याची गाडी आणि अथेन्सच्या पिरेयस बंदरातून येणाऱ्या रात्रीच्या जहाजातले केबिन चार-पाच महिने आधी राखून ठेवावे. हॉटेलवर ताऱ्यांच्या दर्जाप्रमाणे दर खोलीमागे, दर रात्री सरकारी कर वेगळा भरावा लागतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर त्याचा दर हिवाळ्यापेक्षा अधिक असतो. आगीचा धोकाही याच काळात. २ जुलै २०२५ रोजी आग्नेय किनाऱ्यावरील इएरापेत्राजवळ वाऱ्याने वणवा पसरला आणि पर्यटकांना हॉटेलांतून हलवावे लागले. ११२ या क्रमांकाकडून फोनवर येणारा इशारा न टाळता वाचावा.

सप्टेंबरमध्ये मेल्तेमी ढिला पडतो, पाणी मात्र उन्हाळ्याची ऊब धरून असते. युरोपातल्या शाळा सुरू झाल्याने गर्दी आणि भाडे दोन्ही उतरतात. रेथिम्नो आणि मेसारा उपसागराच्या वाळूत कारेत्ता जातीच्या कासवांची पिल्ले या सुमारास अंड्यांतून बाहेर पडत असतात. रात्री त्या पुळणीवर विजेरी मारू नये. पिल्ले उजेडाकडे भरकटतात आणि समुद्र चुकतात. दिवस लहान होत जातो, हे मात्र हिशेबात धरावे. सप्टेंबरच्या मध्याला सूर्य साधारण साडेसातला मावळतो, ऑक्टोबरच्या मध्याला पावणेसातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली की साडेपाचलाच.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर पहिला पाऊस येतो. दिवसांची संख्या थोडी, पण सर जोराची. क्रीटवरची बरीच पुळण कोरड्या ओढ्यांच्या मुखाशी आहे आणि मोकळी जागा म्हणून तिथेच गाड्या लावल्या जातात. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी, वर सांगितलेल्या आगिआ पेलागियातच अचानक आलेल्या पुराने गाड्या समुद्रात नेल्या. जी खाडी उत्तरेच्या वाऱ्याला पाठ देते, ती मागच्या डोंगरावरून येणारे पाणीही गोळा करते. आभाळ भरलेले असेल तर ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू नये.

पोहण्याबरोबर १६ किमी.ची समारिया घळ उतरायची असेल, तर ती साधारण १ मे ते ऑक्टोबरअखेर उघडी असते. अतिउष्णता किंवा पाऊस असेल त्या दिवशी बंद ठेवतात. ती खाली आगिआ रुमेली गावात संपते आणि तिथून बोटीनेच बाहेर पडता येते. समुद्र खवळला की लहान बोटी थांबतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत ठेवू नये. बालोसचा कच्चा रस्ता बहुतेक गाडी-भाडेकरारांच्या विम्यात बसत नाही. तिथे किसामोसहून बोटीने जाणे बरे. गाडी भाड्याने घ्यायची तर निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांच्या सुट्या दोन. उन्हाळी सुटीत मेचा शेवटचा आठवडा किंवा जूनचा पहिला धरावा. एप्रिलमध्ये डोंगर फुलांनी भरलेले असतात, पण पाणी थंड आणि किनाऱ्यावरच्या कित्येक छत्र्या अजून मिटलेल्या. (शाकाहारी माणसाची मात्र ईस्टरपूर्वीच्या उपवासात चांगली सोय होते: ‘निस्तीसिमा’ पदार्थांत मांस, अंडे, दूध नसते. पण कोळंबी, शिंपल्या, ऑक्टोपस त्यात चालतात, म्हणून विचारूनच मागवावे.) दिवाळीचे गणित दरवर्षी वेगळे असते. २०२८ मध्ये ती १७ ऑक्टोबरला आहे, म्हणजे सुटीची सुरुवात हंगामात बसते. २०२७ ची २९ ऑक्टोबर ही अगदी काठावरची तारीख. २०२६ मध्ये ती ८ नोव्हेंबरला आहे, आणि तोवर किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेले बंद झालेली असतात. खानिया, रेथिम्नो, हेराक्लियन ही शहरे मात्र बारमाही चालू राहतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. उन्हाळ्यातल्या भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा वेळेवर द्यावा.

क्रीटचे हे वेळापत्रक भूमध्य समुद्रातल्या प्रत्येक बेटाला जसेच्या तसे लावू नये. एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस बेटांवर मेल्तेमी आणखी जोरात असतो. स्पेनच्या मायोर्कावर शरदातली वादळे लवकर येतात आणि ऑक्टोबरात पाणी क्रीटपेक्षा थंड असते. इटलीच्या सार्डिनियाला वायव्येकडचा मिस्त्राल वारा कोणत्याही ऋतूत गाठू शकतो. सायप्रसचे पाणी क्रीटपेक्षा एक-दोन अंश उबदार राहते आणि नोव्हेंबरच्या आरंभीही तिथे पोहता येते.