जाग वेगळी, भान वेगळं

माझा भाचा ऐरोलीत माझ्याकडे राहतो. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला येतो, चहा पितो आणि पडदे ओढून आडवा होतो. गेल्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात दोनदा तो डोळे चोळत स्वयंपाकघरात आला आणि दोन्ही वेळा एकच वाक्य म्हणाला, "मावशी, आज ल्युसिड ड्रीम झालं." ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं, आणि त्या दोन्हींतलं एकच तसं होतं. हा घोळ मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता गप्प बसवत नाही. त्यातून "ल्युसिड ड्रीम हवंय ना, मग उताणा झोप" असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो, त्याचा मला जास्त राग आहे.

मंगळवारचा प्रकार असा. उताणा झोपलेला असताना त्याला जाग आली. वर पंखा फिरताना दिसत होता, दारामागे अडकवलेला रेनकोट दिसत होता. हात उचलायला गेला तर उचलेना, मला हाक मारायला गेला तर आवाज फुटेना. रेनकोटाच्या जागी कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं, छातीवर भार आला. मिनिटभरात सगळं सुटलं. हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या आजोळी 'मुंज्या बसला' म्हणायचे, डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात. घरटी एखाद्याला तरी आलेला अनुभव आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

शुक्रवारी तो स्वप्नात ऐरोलीच्या पुलावर उभा होता. खाली खाडी फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेली. बघता बघता त्याच्या मनात आलं, अरे, ऑगस्ट चाललाय, फ्लेमिंगो पावसाळ्याआधीच जातात, मग हे आले कुठून? म्हणजे मी झोपलोय! आणि एवढं कळूनही तो उठला नाही. कठडा ओलांडून खाली उतरला आणि पक्ष्यांमधून पाण्यावर चालत गेला.

आता लोक म्हणतात, दोन्हींत 'आपल्याला कळत होतं', म्हणजे दोन्ही एकच. इथेच चुकतं. आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि ते आपण वापरत नाही, याची मला खंत वाटते. जाग आणि भान. मंगळवारी त्याला जाग होती. खोली खरी, पंखा खरा, वेळ दुपारची. फक्त अंग अजून झोपेत अडकलेलं आणि स्वप्नाचा एक तुकडा उघड्या डोळ्यांसमोर सांडलेला. शुक्रवारी जाग मुळीच नव्हती, गाढ स्वप्न चालू होतं, पण स्वप्नाच्या आत भान होतं. पूल खोटा, खाडी खोटी, पाण्यावर चालणारे पायही स्वप्नातलेच. खरे पाय पांघरुणात निपचित होते.

भान असून जाग नसते यावर विश्वास बसत नसेल, तर 1975 सालचा प्रयोग बघा. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली यांना तारा लावून झोपवलं. ठरलं असं होतं की स्वप्नात भान आलं की वर्सलींनी डोळे डावीकडून उजवीकडे ठरावीक वेळा फिरवायचे. मेंदूचा आलेख झोप दाखवत होता आणि त्याच वेळी डोळ्यांची ती खूण कागदावर उमटली. डोळेच का, तर रेम झोपेत, म्हणजे बहुतेक ठसठशीत स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडतो. चालू राहतात ते डोळ्यांचे आणि श्वासाच्या पडद्याचे. हेच ढिलेपण पॅरालिसिसमध्ये जागेपणात शिल्लक राहतं. मूळ एकच, म्हणून घोळ होतो हे मला मान्य आहे. पण एकात मन जागं होऊन शरीरात अडकतं, दुसऱ्यात दोन्ही झोपलेली असतात आणि मनाला ते ठाऊक असतं.

ओळखायची माझी खूण सोपी आहे. त्या वेळी तुम्ही हललात का? जिथे झोपलात तिथूनच, त्याच कोनातून खोली दिसत होती आणि बोटही हलेना, तर पॅरालिसिस. उठलात, चाललात, दार उघडलंत आणि हे स्वप्न आहे हेही ठाऊक होतं, तर ल्युसिड. उठलात, दात घासलेत आणि नंतर खरी जाग आली, तर ते जाग आल्याचं साधं स्वप्न, त्यात भान नव्हतं.

'सुस्पष्ट स्वप्न' हा प्रतिशब्द मात्र मला अजिबात पटत नाही. त्यामुळे रंग, चव, आवाज ठळक असलेलं कुठलंही स्वप्न लोक ल्युसिड म्हणून खपवतात. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी 1913 साली हा शब्द पुढे आणला, तेव्हाही मुद्दा पाहणाऱ्याचं डोकं ताळ्यावर असण्याचा होता. मी 'सभान स्वप्न' म्हणते.

आता कुशीचं. उताणं झोपण्याचा संबंध आहे तो पॅरालिसिसशी, आणि तो चांगला पक्का आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या चेन यांनी 2002 मध्ये दाखवलं की एरवी कुशीवर झोपणारी माणसंही अनुभवाच्या वेळी बरेचदा उताणी असतात. उताणं असताना जीभ आणि घशाचे ढिले स्नायू मागे पडतात, श्वासाची वाट अरुंद होते. त्यात मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर छाती साथ देत नाही, मग भार वाटतो. 'छातीवर हात ठेवून झोपू नकोस' असं आजी म्हणायची. हात छातीवर येतो तो बहुधा उताणं झोपल्यावरच, त्यामुळे तिचं निरीक्षण मला अर्धं तरी खरं वाटतं.

सभान स्वप्नासाठी अमुकच कूस लागते, याला इतका भक्कम आधार नाही. तिबेटी स्वप्नयोगात तर उजव्या कुशीवरची सिंहशय्या सांगतात. अजिंठ्याच्या 26 नंबरच्या लेण्यातले बुद्ध तसेच पहुडलेत. उताण्याचा सल्ला बहुधा अंग न हलवता जागेपणातून थेट स्वप्नात शिरायच्या पद्धतीतून आलाय, आणि त्या वाटेवर पॅरालिसिसशी गाठ पडू शकते. डावी-उजवी कूस आणि वाईट स्वप्नं यांवर 2004 चा एक तुर्की अभ्यास आहे, माणसं अवघी 63. वामकुक्षी सोडायला तेवढं पुरत नाही.

खरा फरक पडतो तो वेळेने. रेमचे टप्पे झोपेच्या शेवटाकडे लांबत जातात. ॲडलेडच्या डेनहोम ॲस्पी यांनी 2017 मध्ये लोकांना पाच तासांनी उठवून, 'पुढच्या स्वप्नात मी स्वप्नात आहे हे मला आठवेल' असं घोकत परत झोपायला लावलं. दिवसा अधूनमधून 'मी स्वप्नात तर नाही?' हे तपासायचंही होतं. आठवड्यात साधारण 17 टक्के रात्री यश आलं, आणि घोकल्यावर पाच मिनिटांत झोप लागली तर 46 टक्के. मात्र भाच्यासारख्या पाळीवाल्यांनी आधी झोप पुरी करावी. अपुरी, वेळीअवेळी झोप पॅरालिसिसला बोलावते. आणि दिवसा डुलकी आवरतच नसेल, हसताना गुडघे ढिले पडत असतील किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जा.

भाच्याच्या पाठीशी मी लोड लावायला सुरुवात केली, म्हणजे तो झोपेत उताणा होत नाही. परवा दुपारी जेवायला उठवायला गेले. तो डाव्या कुशीवर होता, हात सैल पडलेला, आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे सरकत होती. मी दार लोटलं आणि आमटी झाकून ठेवली.