शनिवार सकाळची कार्टून्स आणि त्यांचे स्मरणरंजन

शनिवार सकाळची कार्टून्स म्हणजे अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे तीन दशके सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन मोठ्या दूरचित्रवाणी नेटवर्कांनी दर शनिवारी सकाळी मुलांसाठी लावलेल्या कार्टून मालिका. शाळेला सुट्टी, आईवडील अजून अंथरुणात, आणि घरातल्या एकुलत्या एका टीव्हीचा ताबा दुपारपर्यंत मुलांकडे, अशी ही वेळ होती. आज चाळिशी-साठीत असलेले अमेरिकन लोक या मालिकांबद्दल जिव्हाळ्याने बोलतात, तेव्हा मालिकांइतकीच ही वेळही त्यांच्या मनात असते. मुलांना आठवड्यातला एक ठरावीक तुकडा पूर्णपणे आपला वाटावा, ही गोष्ट फार मोलाची होती आणि या स्मरणरंजनाचे मूळ तिथेच आहे.

ही वेळ मुलांच्या वाट्याला आली ती मात्र जाहिरातींच्या हिशेबातून. शनिवारी सकाळी मोठी माणसे टीव्ही बघत नसत, त्यामुळे त्या वेळेचा भाव कमी होता. सीरियल (न्याहारीला दुधात घालून खायचा तयार पदार्थ) आणि खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना नेमकी मुलेच हवी होती. सीबीएसमध्ये दिवसा लागणाऱ्या कार्यक्रमांची जबाबदारी असलेल्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी हे हेरले आणि जुन्या, पुन्हा पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या लघुपटांच्या जागी खास शनिवारसाठी नव्या मालिका बनवून घेतल्या. ‘स्पेस घोस्ट’ ही सुपरहिरोची मालिका आणि सुपरमॅनची नवी मालिका 1966 मध्ये आल्या. इतर नेटवर्क लगोलग त्याच वाटेने गेली. जाहिरात आणि कार्टून यांच्यातली रेघ सुरुवातीपासूनच पुसट होती. 1963 मध्ये बाजारात आलेल्या ‘कॅप्टन क्रंच’ या सीरियलच्या जाहिराती कार्टून मालिका बनवणाऱ्या जे वॉर्ड यांच्याच स्टुडिओने केल्या होत्या. त्यामुळे दुधात भिजलेल्या गोड सीरियलचा वाडगा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसणे, हे चित्र त्या आठवणीत कायमचे बसले आहे.

मालिका बनत कशा, हेही पाहण्यासारखे आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या सिनेमा कंपनीत टॉम आणि जेरीचे लघुपट केले होते. सात मिनिटांच्या त्या लघुपटांसाठी हजारो चित्रे काढली जात. एमजीएमने 1957 मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला आणि या दोघांनी टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीचे पैसे सिनेमाच्या मानाने अगदीच थोडे, म्हणून त्यांनी चित्रे कमी केली. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो याच कारणाने: कॉलरच्या रेघेवर डोके धडापासून वेगळे करता येई, धड तसेच ठेवून फक्त डोके आणि तोंड हलवले की पात्र बोलू लागे. पात्रे पळताना तेच दार, तोच दिवा, तीच खिडकी मागून पुन्हा पुन्हा सरकत राही. समीक्षकांनी या काटकसरीला बरीच नावे ठेवली. पण चित्र कमी हलते म्हटल्यावर आवाज, संवाद आणि शीर्षकगीत यांच्यावर सगळी भिस्त आली, आणि पन्नास वर्षांनीही लोकांना तोंडपाठ असतात ती ही गाणी आणि ते आवाजच. उणीव भरून काढताना घडलेली ही कला आहे आणि तिला कमी लेखणे अन्यायाचे आहे.

या मालिका इतक्या लक्षात राहण्याचे दुसरे कारण पुनःप्रक्षेपणाचे. 13 सप्टेंबर 1969 रोजी सीबीएसवर सुरू झालेल्या ‘स्कूबी-डू’ या भुताखेतांच्या रहस्यमालिकेच्या पहिल्या हंगामात फक्त 17 भाग होते. वर्षाचे शनिवार बावन्न. म्हणजे एकेक भाग वर्षात दोनतीनदा लागणार हे ठरलेलेच. मुलांना त्याचे काही वाटत नसे. भुताचा मुखवटा निघणार आणि आत कोणीतरी ओळखीचा माणूसच सापडणार, हे माहीत असूनही ती डोळे लावून बसत. ऋतूमागून ऋतू तेच भाग बघितल्यावर ते विसरणेच अवघड.

‘स्कूबी-डू’ हे त्या काळातल्या एका वादाचेही फळ होते. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि टीव्हीवरच्या हिंसेबद्दल देशभर चिंता पसरली. हाणामारीच्या सुपरहिरो मालिका मागे पडल्या, त्यांच्या जागी रहस्य, विनोद आणि गाणी आली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना स्थापन केली. मुलांना ग्राहक म्हणून वापरू नका, हे तिचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. एबीसीवर 1973 पासून दोन कार्टूनांच्या मध्ये लागणारी ‘स्कूलहाउस रॉक’ ही तीनेक मिनिटांची गाणी मात्र जाहिरात व्यवसायातल्याच एका माणसाला सुचली. डेव्हिड मॅकॉल यांच्या मुलाला रॉक गाणी पाठ होती, पाढे होत नव्हते. मग पाढ्यांनाच चाल लावली. पुढे व्याकरण आले, कायदा कसा होतो तेही आले.

ही परंपरा मोडली ती एकाएकी नव्हे. केबलवर निकलोडियन ही मुलांची वाहिनी होतीच, 1 ऑक्टोबर 1992 रोजी कार्टून नेटवर्क सुरू झाले आणि कार्टून दिवसभर मिळू लागले. एनबीसीने त्याच वर्षी शनिवारची कार्टून्स बंद करून बातम्या आणि किशोरवयीनांच्या मालिका लावल्या. 1990 च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटांची मर्यादा घातली. पुढे आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांची अपेक्षाही आली. खर्च तोच, उत्पन्न कमी, मग मालिका बंद झाल्या. शनिवारच्या कार्टूनांचा शेवटचा गट सीडब्ल्यू नेटवर्कवरचा ‘व्हॉर्टेक्स’. तो 27 सप्टेंबर 2014 रोजी थांबला.

स्मरणरंजन करणाऱ्यांच्या आठवणी तपशिलात नेहमी बरोबर असतातच असे नाही. ‘ही-मॅन’ (1983) आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’ (1984) यांची नावे शनिवारच्या यादीत हमखास निघतात, पण त्या मालिका मुख्यतः आठवड्याच्या इतर दिवशी, शाळा सुटल्यावर लागत. बालपणी आवडलेले सगळे मन त्या एका सकाळीच नेऊन ठेवते. बाकीच्या खुणा मात्र पक्क्या आहेत: शरद ऋतूत कॉमिकच्या मधल्या जोडपानावर येणारी नव्या मालिकांची जाहिरात, हंगाम सुरू होण्याआधी रात्री दाखवला जाणारा खास कार्यक्रम, शनिवारी दुपारी एबीसीवर बोलिंगच्या स्पर्धा लागल्या की मुले अंगणात पळत ते, आणि सोमवारी शाळेत ज्याच्या-त्याच्या तोंडी तीच गोष्ट. सगळ्यांनी एकाच वेळी एकच बघितलेले असे, हे आज कोणत्याही मुलाला सांगून समजणार नाही. अनेक मालिका आता हव्या तेव्हा बघता येतात, काही नव्याने बनतात (1992 च्या ‘एक्स-मेन’चा धागा 2024 मध्ये पुढे नेण्यात आला), पण वाट बघण्याचे सहा दिवस त्यात नाहीत.

महाराष्ट्रात ही वेळ शनिवारी येणे शक्यच नव्हते, कारण शनिवारी सकाळची शाळा असते. इथल्या मुलांचा वार रविवार, आणि वाहिनी दूरदर्शन. 1990 च्या दशकात हिंदीत आलेली ‘जंगल बुक’ ही मूळची जपानी मालिका. तिच्या हिंदी शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. त्या आवाजाने घाबरलेली मुले आज चाळिशीला आली आहेत. डिस्नेच्या ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ याही अशाच रविवारच्या. गंमत अशी की अमेरिकेत या दोन्ही मालिका प्रामुख्याने सोमवार ते शुक्रवार दुपारी लागत. तिथल्या माणसाला त्या दप्तर टाकून बघितलेल्या आठवतात, इथल्याला रविवारी आंघोळीआधी. 1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले, ज्या घरी केबल होती तिथे रविवारचे महत्त्व हळूहळू कमी झाले. रात्री त्याच जागी टीएनटी या वाहिनीवर जुने इंग्रजी सिनेमे लागत. ज्यांच्याकडे केबल नव्हती, त्या मुलांचा रविवार आणखी काही वर्षे तसाच राहिला.