आधी मान कोणाचा? कर्नल जागा होतानाच्या क्रमाची पार्श्वभूमी

बूट होता होता मशीन थांबतं. पडद्यावर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, शेवटचा निरोप: रूट फाइलसिस्टिम माउंट करता आली नाही, कर्नल पॅनिक. डिस्क शाबूत आहे, केबल घट्ट बसलेली आहे, ती चालवणारा ड्रायव्हरही कर्नलमध्येच आहे. फक्त यूएसबीवरची ती डिस्क जागी व्हायच्या आतच कर्नलने तिच्याकडे हात पसरला. लिनक्समध्ये यावर दोन बूट पर्याय आहेत. ‘रूटडिले’ म्हणजे अमुक सेकंद थांब, आणि ‘रूटवेट’ म्हणजे डिस्क दिसेपर्यंत थांब. आजार जुना आहे, आणि त्यावरचं घरगुती औषध ‘जरा दम धरा’ हेच राहिलं आहे.

अशा बगमध्ये प्रत्येक फंक्शन आपापल्या जागी बरोबर असतं. घोडं पेंड खातं ते आधी कोण आणि मागून कोण, इथे. म्हणून शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, हा क्रम लिहिलाय कुठे? या प्रश्नाचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत बऱ्याचदा बदललं.

१९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत ते अगदी समोर होतं. मेन फंक्शनमध्ये एकाखाली एक तीन हाका होत्या: सीइनिट, बीइनिट, आयइनिट. पहिलीने टर्मिनलच्या अक्षरांसाठीच्या याद्या लावायच्या, दुसरीने डिस्कचे बफर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागा), तिसरीने रूट म्हणजे मुख्य डिस्कचा सुपरब्लॉक, तिच्या मांडणीची नोंद, वाचायचा. तो वाचायला बफर लागतात, म्हणून बीइनिट आधी. क्रम बदलायचा तर ओळ वरखाली करायची, बस्स. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरवल्ड्सने लिहिलेल्या लिनक्स ०.०१ मध्येही हाच थाट होता: घड्याळ, टर्मिनल, ट्रॅप, शेड्युलर, बफर, हार्ड डिस्क. हे सगळं इंटरप्ट (हार्डवेअरच्या मध्येच येणाऱ्या हाका) बंद ठेवून, आणि मगच ते उघडायचे.

ड्रायव्हर वाढले तशी ही यादी हाताबाहेर गेली. प्रत्येकाने येऊन मधल्या फायलीत आपली ओळ कोंबायची, वर-खाली ‘हा पर्याय निवडला असेल तरच’ची कुंपणं घालायची. नेटवर्क कार्डांची गंमत याहून वेगळी होती. आयएसए या जुन्या बसवर (कार्ड जोडायच्या मार्गावर) कार्ड स्वतःची ओळख सांगत नसे, त्यामुळे ड्रायव्हर ठरलेल्या पोर्टवर जाऊन चाचपून बघायचा. एनई२००० हे कार्ड शोधणाऱ्या ड्रायव्हरने त्या पोर्टवर काही लिहिलं आणि तिथे भलतंच कार्ड बसलेलं असलं, तर मशीन जागीच गोठायचं. कोणी आधी चाचपायचं याचा क्रम म्हणून जपून लावलेला असे, आणि अमुक पोर्टांना हात लावू नका हे सांगायला ‘रिझर्व्ह’ नावाचा बूट पर्याय होता.

पुढे लिनक्सच्या २.३ आवृत्त्यांच्या मालिकेत इनिटकॉल आले, आणि माझ्या मते खरी मेख इथेच मारली गेली. ड्रायव्हरने आपल्याच फायलीत एक मॅक्रो (कोडचा छोटा साचा) लिहायचा. त्यामुळे त्याच्या सुरुवातीच्या फंक्शनचा पत्ता ऑब्जेक्ट फाइलच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्याच्या, एका खास कप्प्यात जाऊन बसतो. हे तुकडे जोडणारा लिंकर सगळ्यांचे कप्पे एकापुढे एक जोडतो आणि बूट होताना कर्नल त्या पत्त्यांवरून ओळीने चालत जातो. मधली यादी गेली, सगळ्यांना हायसं वाटलं. पण क्रम काही गेला नाही, तो कोणत्या फायली जोडायच्या ते सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये जाऊन लपला. ज्या ओळीत ऑब्जेक्ट फाइल आधी, तिचं फंक्शन आधी. कर्नलच्या बिल्ड व्यवस्थेची कागदपत्रं आजही बजावतात की हा क्रम हलवलात तर स्कझी (डिस्क जोडणारे) कंट्रोलर वेगळ्या क्रमाने सापडतील आणि डिस्कांचे नंबर बदलतील. मेकफाइलच्या ओळी कोणी निव्वळ हौसेने अकारविल्हे लावायला घेतल्या, तर काय होईल याचा विचार करा.

२.५ च्या काळात पायऱ्या आल्या: कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस्टिम, फाइलसिस्टिम, डिव्हाइस, लेट. कर्नलमध्येच बांधलेला साधा ड्रायव्हर डिव्हाइसच्या पायरीवर जातो. एकाच पायरीवरच्यांमध्ये मात्र अजून लिंकरचाच शब्द चालतो. मग लग्नाच्या पंगतीत होतं तेच झालं, ज्याला त्याला वरचं पान हवं. मोबाइल आणि एम्बेडेड बोर्डांवर व्होल्टेज देणारी चिप आयटूसी या चिपांना जोडणाऱ्या बसवर बसते, आणि त्या चिपशिवाय पडदा, टच, एसडी कार्ड काहीच चालू होत नाही. म्हणून आयटूसीचे ड्रायव्हर एकेक करून सबसिस्टिमच्या पायरीवर चढले. ओमॅप या मोबाइल चिपच्या ड्रायव्हरमध्ये तर तशी टीपच आहे, की दुसरे ड्रायव्हर उभे करायला आयटूसी लागू शकतं.

फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टिमने १९९५ च्या सुमारास वेगळी वाट धरली. तिथे सिसइनिटमध्ये प्रत्येक फंक्शनला आकडा असतो आणि कर्नल बूट होताना स्वतःच त्यांची क्रमवारी लावतो. क्रम उघड लिहिलेला असतो, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. क्रमवारीसाठी होती बबल सॉर्ट ही साधी पण संथ पद्धत. हजारावर नोंदी झाल्या तरी कोणाला ते खुपलं नाही, कारण बूटला सेकंद लागत. २०२३ मध्ये फ्रीबीएसडीचे डेव्हलपर कॉलिन पर्सिव्हल फायरक्रॅकर या हलक्या व्हर्च्युअल मशीनवर मिलिसेकंद मोजत होते, तेव्हा दिसलं की कर्नलच्या बूटमधला ७ टक्के वेळ त्या बबल सॉर्टमध्येच जातोय. मग तिथे वेगवान मर्ज सॉर्ट आला.

लिनक्सने २०१२ मध्ये, ३.४ आवृत्तीत, क्रम ठरवण्याचा नादच अर्धा सोडला. ग्रँट लाइकलींच्या कामातून ‘प्रोब डिफर’ आलं. ड्रायव्हरला लागणारी वस्तू अजून उभी नसेल तर त्याने ५१७ हा एरर परत द्यायचा; दुसरा कोणी यशस्वी झाला की कर्नल त्याला पुन्हा विचारतो. सरकारी कचेरीत ‘उद्या या’ म्हणतात, तसंच. पायऱ्यांची मारामारी कमी झाली, पण बगचं रूप बदललं. रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्टेज देणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये निवडायचाच राहिला तर टचस्क्रीन आयुष्यभर ‘उद्या’वर राहते, आणि लॉगमध्ये फारशी बोंब नसते. डीबगएफएस या कर्नलच्या आतलं दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधली रखडलेल्यांची यादी पाहणं हा इथला सरळ रस्ता. २०२० पासून एक मदतनीस फंक्शन आहे. ड्रायव्हरने ते वापरलं असेल तर त्या यादीत नावापुढे कारणही दिसतं. त्याच वर्षी ५.७ मध्ये एफडब्ल्यू_डेव्हलिंक आलं. डिव्हाइस ट्री या हार्डवेअरच्या वर्णनात लिहिलेली देणाऱ्या-घेणाऱ्याची नाती वाचून देणाऱ्याला आधी उभं करायचं. नाती गोल फिरली, म्हणजे अ ला ब हवा आणि ब ला अ, की तिथेही अडचण येते.

लिंकरवरचा जुना भरवसा मात्र २०२१ पर्यंत पुरला. क्लँग या कंपायलरचं लिंक-वेळचं ऑप्टिमायझेशन ५.१२ मध्ये आलं, तेव्हा इनिटकॉलचा क्रम टिकेल याची खात्री राहीना. शेवटी तो क्रम काढून लिंकरला सांगणारी वेगळी पर्ल स्क्रिप्ट लिहावी लागली.

आणि हे सगळं शोधायचं कशाने? लॉगने. पण लॉग दाखवणारं कन्सोलही त्याच रांगेत उभं असतं. लिनक्सच्या मुख्य फाइलमध्ये कन्सोल सुरू करण्याच्या ओळीवर मोठ्या अक्षरांत इशारा आहे, की हा जुगाड आहे, पीसीआय बस लागायच्या आधीच आपण हे करतोय, पण काही बिघडलं तर कळायला तरी हवं. त्याच्याही आधीचं पाहायला अर्लीकॉन हे आणखी लवकर जागं होणारं कन्सोल आहे. तेही गप्प असेल तर जेटॅग या चिपला थेट लावायच्या डीबग-जोडणीने रॅममधला लॉगचा बफर थेट वाचायचा.

रोजच्या कामाचं हत्यार म्हणजे ‘इनिटकॉल_डीबग’ हा बूट पर्याय. ते लावलं की प्रत्येक फंक्शनच्या दोन ओळी मिळतात: एक हाक मारताना, दुसरी परतताना, किती मायक्रोसेकंद लागले त्यासह. हाक आहे आणि परतल्याची ओळ नाही, की तिथेच बसायचं. अडचण एवढीच, की १,१५,२०० बॉड वेगाच्या सिरियल कन्सोलवर ८० अक्षरांची एक ओळ जवळपास ७ मिलिसेकंद खाते. २००९ पासून कर्नलमधली काही कामं समांतर चालतात, त्यामुळे एवढ्या उशिराने शर्यतीचा निकालच उलटतो आणि बग गायब होतो. मग कन्सोल गप्प करायचं, लॉगचा बफर मोठा करायचा, आणि बूट झाल्यावर डीमेसेज या आज्ञेने सावकाश वाचायचं. बूट झालं तर.