दोन भाषांनी लेकरू गोंधळतं का?

"घरात तेलुगू, बाहेर मराठी, लेकराचं डोकं गोंधळायलंय, म्हणून ते बोलंना." तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूर-बिलोलीकडं हे अजून ऐकू येतं. सल्लाही ठरलेला: एक भाषा बंद करा. हा सल्ला चुकीचा आहे.

गफलत मोजण्यात होते. आजीजवळ चुलीपुढं बसणाऱ्या पोराला भाकरी, तवा, राख हे शब्द तेलुगूत येतात. अंगणवाडीतली पाटी, रांग, खाऊ मराठीत. नुसती मराठी मोजली तर ते मागं दिसणारच! भाषा-संशोधक बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या लहानग्यांचे दोन्हीकडचे शब्द एकत्र धरले (१९९३), तेव्हा ती एकभाषी मुलांच्या बरोबरीनंच निघाली.

एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळणं हाही गोंधळ नव्हे. हाताशी येईल तो शब्द वापरला जातो. बाजारात मोठी माणसं दुसरं काय करतात?

शब्द पक्का होतो तो वेगवेगळ्या प्रसंगी पुन्हा पुन्हा कानावर पडून. आजीची भाषा बंद केली की तिच्या गोष्टीही बंद, आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीतून तेवढं मिळत नाही. दोन वर्षांचं लेकरू कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. तेलुगूला दोष देत बसू नका.