न्यू ऑर्लिन्सच्या प्याल्यात काय नव्हतं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्सला गेलात की चार पेयांची नावं हमखास कानावर पडतात. त्यातली तीन आजच्या रूपाला आली ती हवा तो माल मिळेना म्हणून.

पहिली चिकोरी कॉफी. चिकोरी फ्रेंच वस्तीला आधीपासून माहीत होतीच. 1861 साली यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि कॉफीची आवक आटली. मग भाजलेल्या चिकोरीच्या मुळांची भर घालून भागवलं गेलं. युद्ध संपलं, चिकोरी राहिली. 1862 पासूनच्या कॅफे दु मोंदमध्ये अर्धी कॉफी, अर्धं गरम दूध अशी ती मिळते. आपल्या फिल्टर कॉफीची सवय असेल तर चव परकी वाटणार नाही. दुधाशिवाय मात्र फार कडवट लागते.

खरी गुंतागुंत साझेराक या कॉकटेलची. आँत्वान पेशो या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकात इथेच आपली लालसर बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क, बनवली. रूढ इतिहासानुसार ती साझेराक नावाच्या कॉन्याकमध्ये, म्हणजे द्राक्षांच्या फ्रेंच ब्रँडीत, घालत. पुढे फिलॉक्झेरा किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, कॉन्याक दुर्मीळ झाली आणि तिची जागा राय या धान्याच्या व्हिस्कीने घेतली. साझेराकमध्ये ॲबसिंथ ही वनस्पतींच्या अर्काची कडक दारूही लागे; 1912 मध्ये अमेरिकेत तिच्यावर बंदी आली. 1934 पासून तिच्याऐवजी बडीशेपेच्या वासाची हर्बसेंट बाजारात होती. 2007 मध्ये ॲबसिंथ परतली, तरी अनेक बारमध्ये आजही हर्बसेंटच वापरतात. 2008 मध्ये साझेराकला शहराच्या अधिकृत कॉकटेलचा मान मिळाला.

कृतीला दोन ग्लास लागतात. एक बर्फ भरून गार करत ठेवायचा. दुसऱ्यात साखरेची एक वडी, बिटर्सचे तीन-चार शिंतोडे आणि चमचाभर पाणी घालून आधी घोटायचं, कारण दारूत साखर नीट विरघळत नाही, तळाशी कचकचते. मग 60 मिली राय आणि बर्फ घालून अर्धा मिनिट चमच्याने ढवळायचं. शेकरमध्ये हलवलं तर हवा भरते, बर्फाचे कण सुटतात आणि पेय गढूळ होतं. गार ग्लासातला बर्फ टाकून तो हर्बसेंटने आतून विसळायचा, उरलेली ओतून द्यायची. अर्धा चमचा जास्त राहिली तरी बाकी कशाचीच चव लागत नाही. त्यात पेय गाळून वर लिंबाची साल पिळायची. बर्फ घातलेला साझेराक समोर आला तर बार बदलावा.

तिसरं हरिकेन, त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात. व्हिस्कीचे कारखाने युद्धाच्या कामाला जुंपलेले, रम मात्र मुबलक. व्हिस्की हवी तर रमच्या पेट्याही घ्या, अशी विक्रेत्यांची अट असे. ती रम खपवायला पॅट ओ'ब्रायन्स या बारने पॅशनफ्रूटचं सिरप आणि लिंबाचा रस जोडला, आणि कंदिलाच्या काचेच्या घाटाच्या ग्लासात दिला. घरी करायचं तर 60 मिली रमला सिरप आणि रस 30-30 मिली. बाहेर मात्र बहुधा तयार लाल सरबत ओततात. गोडाखाली रम जाणवत नाही, म्हणून दुसरा ग्लास मागवण्याआधी थोडं थांबावं.

चौथा रामोस जिन फिझ, 1888 चा, टंचाईशी संबंध नसलेला: जिन, साय, अंड्याचा पांढरा बलक, संत्रफुलांचं पाणी. फेस धरेपर्यंत मिनिटं न् मिनिटं हलवावा लागतो, त्यामुळे गर्दीच्या वेळी मागवला तर बारवाला कपाळाला आठ्या घालतो. दुपारी मागा.

फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागात पेय घेऊन रस्त्यावर फिरता येतं, पण प्लास्टिकच्या पेल्यातून. काचेचा ग्लास बाहेर नेता येत नाही. वयाची अट 21, पासपोर्ट जवळ असू द्या.