व्यावसायिक कोचिंग

व्यावसायिक कोचिंग : व्यक्तीने स्वतः ठरवलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी प्रशिक्षित कोचसोबत ठरावीक मुदतीत चालणारा, मुख्यतः प्रश्नांवर उभा असलेला संवाद. मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की शिकवणीचा वर्ग आठवतो. इथे शिकवणे जवळजवळ नसतेच. सल्लागार उत्तर देतो, मेंटॉर स्वतःचा अनुभव सांगतो, मानसोपचारतज्ज्ञ आजारावर उपचार करतो. कोच समोरच्याला त्याचा निर्णय त्यालाच घेऊ देतो.

ही पद्धत खेळाच्या मैदानातून आली. टेनिस प्रशिक्षक टिमथी गॉलवे यांनी १९७४ मध्ये खेळाडूच्या मनातील अडथळ्यांवर भर दिला. माजी ब्रिटिश मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी तोच विचार कंपन्यांपर्यंत नेला. १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन स्थापन झाले. त्याच्या प्राथमिक प्रमाणपत्रासाठी किमान १०० तास, तर सर्वोच्च प्रमाणपत्रासाठी २,५०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. अनेक ठिकाणी कायद्याने परवाना बंधनकारक नसल्याने कोणीही स्वतःला कोच म्हणवू शकतो. म्हणून प्रमाणपत्र आणि अनुभवाचे तास आधी विचारावेत.

साधारणपणे ४५ ते ६० मिनिटांची ६ ते १२ सत्रे, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने होतात. पहिल्या सत्राआधी करार होतो आणि पुढचे बरेचसे यशापयश त्यावरच ठरते. शुल्क कंपनी भरत असेल, तर करार तिघांचा असतो : उद्दिष्टे व हजेरी कंपनीला कळेल, सत्रातील बोलणे कळणार नाही, हे त्यात लिहून घेतात. हे मोघम राहिले की माणूस मोकळा बोलत नाही आणि सत्रे नुसती गोड गप्पांत जातात.

सत्राची प्रचलित चौकट ‘ग्रो’ नावाने ओळखली जाते : उद्दिष्ट, सद्यस्थिती, पर्याय, कृती. नवखा कोच सद्यस्थिती घाईने उरकून पर्यायांवर उडी मारतो. मग ‘बैठकीत माझे कोणी ऐकत नाही’ ही तक्रार तशीच धरली जाते. शेवटच्या तीन बैठकींत तुम्ही नेमके काय आणि केव्हा बोललात, हे विचारलेच जात नाही. ‘का केले नाही?’ या प्रश्नाला बहुधा सबबी मिळतात, ‘कशामुळे अडले?’ याला माहिती मिळते. प्रश्नानंतरची शांतता न सोसून कोचच बोलू लागतो, ही तर नेहमीची चूक. सत्र संपताना काय, केव्हापर्यंत आणि कोणाला कळवायचे, हे ठरले नाही तर पुढचे सत्र पुन्हा शून्यापासून सुरू होते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कामगिरी, मनःस्वास्थ्य, ताण हाताळणे आणि कामाविषयीची वृत्ती यांवर अनुकूल परिणाम दिसला. सर्वाधिक परिणाम उद्दिष्टानुसार स्वतःला वळण लावण्यावर होता. व्यवहारात हा फायदा लहान गोष्टींत दिसतो : काम सोपवणे, अवघड बोलणे न टाळणे, रेंगाळलेला निर्णय घेणे. शिक्षा म्हणून पाठवलेल्या कर्मचाऱ्याला याचा उपयोग क्वचितच होतो. तीव्र नैराश्य किंवा व्यसनाची लक्षणे दिसल्यास कोचने सत्रे थांबवून त्या व्यक्तीला उपचारांसाठी तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागते.