सोलापूरचं पाणी पितं कोण?

पावसाळा सुरू झाला की सोलापुरात माणसं एकमेकांना दोन आकडे विचारतात: उजनी धरण किती टक्के, आणि दौंडचा विसर्ग किती? आपल्या गावात पाऊस पडला का, हा प्रश्न नंतरचा. त्याला कारणही आहे. उजनी भरते ती पुणे जिल्ह्याच्या पावसावर. लोणावळा, मुळशी, भीमाशंकरच्या डोंगरात कोसळलेलं पाणी इंद्रायणी, मुळा-मुठेतून भीमेत उतरतं आणि दौंडवरून पुढे धरणात येतं. ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग चोवीस तास टिकला की १ टीएमसीची, म्हणजे एक अब्ज घनफुटांची भर पडते, एवढा साधा हिशेब.

टक्क्यांचा हिशेब मात्र तेवढा साधा नाही. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं सुमारे ६३.६६ टीएमसी मृत साठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळाच्या पाण्यात, मोडतं, आणि टक्केवारी मोजतात ती उरलेल्या ५३.५७ टीएमसीची. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी धरणात असताना आकडा शून्यावर येतो. त्याखाली उपसा सुरू झाला की 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी येते. काही उन्हाळ्यांत हा आकडा वजा पन्नासच्याही खाली गेलेला आहे.

मग पाणी संपवतं कोण, यावर वाद सुरू होतो. कुणी उसाकडे बोट दाखवतं, कुणी कारखान्यांकडे, कुणी वरच्या धरणांकडे. या भांडणात ज्याचं नावच निघत नाही असा एक गिऱ्हाईक आहे: हवा.

उजनीचा फुगवटा पूर्ण भरल्यावर अंदाजे ३०० चौरस किलोमीटरवर पसरतो. साठ्याला या क्षेत्रफळाने भागलं तर सरासरी खोली येते जेमतेम ११ मीटर. एवढ्या पसरट पाण्याच्या पृष्ठभागावरून १ मिलिमीटर पाणी उडालं तर ते होतं ३० कोटी लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने हे २२ लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. आणि उन्हाळ्यात दिवसाला १ मिलिमीटरवर भागत नाही, सात-आठ मिलिमीटर सहज उडतं. तोवर धरणाचा पसारा आटलेला असतो, म्हणून गुणाकार जरा कमी भरतो, इतकंच. सोलापूरसाठी नदीतून सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत पोचेतो त्यालाही हीच वाट आहे: काही वाळूत मुरतं, काही वर जातं.

पाणी उडायला उकळावं लागत नाही. कुठल्याही तापमानाला पाण्याचे काही रेणू इतरांपेक्षा वेगाने धावत असतात आणि पृष्ठभागावरून सुटतात. हवा दमट असेल तर जवळजवळ तितकेच परत येतात. कोरडी असेल तर गेलेले परत फिरत नाहीत. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. धुतलेली जाड सोलापुरी चादर पिळून गच्चीवर टाका. कोकणात ऑगस्टमध्ये ती दोन दिवस ओली राहील, इथे मे महिन्यात चहापाणी आटपेपर्यंत तिच्या कडा कडक व्हायला लागतात. त्या चादरीत दोन लिटर पाणी असेल, तर ते उडवायला लागणाऱ्या उष्णतेत सुमारे चौदा लिटर पाणी विसाव्या अंशापासून उकळी फुटेपर्यंत तापलं असतं. ही उष्णता उन्हातून येते आणि भोवतालच्या हवेतूनही खेचली जाते. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने, आणि कूलर सोलापुरात जसा चालतो तसा मुंबईत चालत नाही तोही म्हणूनच.

सगळं मिळून सोलापूरच्या हवेची वर्षभराची तहान, म्हणजे मिळालं तर ती उडवू शकेल एवढं पाणी, १८०० मिलिमीटरच्या घरात जाते. पाऊस पडतो साडेपाचशे ते सातशे. हा तोटा पावसाळ्यातही पुरता भरून निघत नाही.

पाऊस कमी का, तर सह्याद्रीमुळे. अरबी समुद्रावरून आलेली हवा घाटावर चढते, वर जाताना गार होते आणि महाबळेश्वरच्या बाजूला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाणी ओतते. पलीकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, आणि तापलेल्या हवेत थेंब धरत नाहीत. तरी जुलैत सोलापूरवरून ढग जातच असतात. तेव्हा डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून काढली, तर जमिनीवर पन्नास मिलिमीटरच्या आसपास पाणी साचेल. पाणी वरून जातं, उतरत नाही, ही इथली तक्रार अक्षरशः खरी आहे.

ढगातला थेंब अतिशय बारीक असतो. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. हवेत धूळ-धुराचे कण फार असले की वाफ त्या सगळ्यांत वाटली जाते. मग थेंब पुष्कळ होतात पण एकसारखे लहान, आणि लहान थेंब एकमेकांवर आदळून वाढत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आभाळात याच मुद्द्यावर प्रयोग केला. विमानाला लावलेल्या नळकांड्यांतून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे पाणी ओढणारे कण सोडले. हे कण मोठे, म्हणून त्यांच्यावर धरलेले थेंबही लवकर मोठे होतात. एकूण २७६ ढग निवडले, काहींमध्ये कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले आणि दोन्हींची तुलना केली. वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. चांगला निकाल आहे, पण हे १८ टक्के त्या ढगांपुरते, त्या टापूपुरते. 'कृत्रिम पाऊस' या नावामुळे लोकांना वाटतं विमान गेलं की ढग येतात. ढग मुळात असायला हवा, आणि तो खालून वर फुगत जाणारा, बऱ्यापैकी जाडही असायला हवा. दुष्काळात नेमकी त्याचीच वानवा असते.

माझं लक्ष मात्र दुसऱ्या गुणाकाराकडे जातं. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १४,८९५ चौरस किलोमीटर. त्यावर वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला, तर पाणी होतं जवळपास २९० टीएमसी. उजनीच्या वापरायच्या साठ्याच्या पाचपट! ज्याला आपण अवर्षणप्रवण जिल्हा म्हणतो, त्याच्या स्वतःच्या अंगावर एवढं पाणी पडतं. त्यातलं बहुतेक मातीतून आणि पानांतून परत हवेत जातं. उसालाही यातून सूट नाही: एकरी ८० लाख लिटरच्या आसपास पाणी घेणारं हे पीक त्यातला एखादा टक्काच अंगात ठेवतं, बाकीचं पानांतून सोडून देतं. ज्वारीही तेच करते. फरक आहे तो किती सोडते आणि कधी सोडते यात.

मंगळवेढ्याची ज्वारी पावसाळा संपताना पेरतात आणि पुढे पावसाशिवाय ती फेब्रुवारीपर्यंत उभी राहते. पाणी येतं कुठून? मातीतून. तिथल्या भारी काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते. मीटरभर खोल थरात पिकाला घेता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी धरलं जातं. पुढे थंडी पडते, हवेची तहान निम्म्यावर येते आणि तो साठा पुरतो. 'ज्वारी थंडीवर येते' असं म्हणतात त्यात हे शास्त्र आहे. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळचा. कणसं भरायच्या वेळी जमीन कोरडी पडली तरी तो तग धरतो.

या मातीची एक खोड आहे. वाळली की ती भेगाळते, हात कोपरापर्यंत जाईल इतक्या भेगा पडतात. भेग पडली की मीटरभर खालच्या ओलीलाही हवेची वाट मोकळी होते. पिकाच्या ओळींमधून कोळपं (माती वरवर खरवडणारं अवजार) फिरवलं की वरची चार बोटं माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात आणि खालून वर चढणारी ओल तिथेच अडते. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं शेतकरी म्हणतात. अर्धं की पाव हे जमिनीवर ठरेल, पण दिशा बरोबर आहे.

मातीच्याही खाली गेलं की दख्खनचा बेसाल्ट लागतो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरांवर थर. विहीर खोदणारे त्याला मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण अशा नावांनी ओळखतात, आणि पाण्याच्या दृष्टीने ती वर्गवारी चोख आहे. मुरमात आणि सांध्यांमध्ये पाणी असतं. अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ नसतं, म्हणूनच सातशे-आठशे फुटांची बोअर कोरडी जाते आणि शेजारच्या चाळीस फुटी विहिरीला पाझर असतो. हा साठा फार मोठा नाही, खडकाच्या आकारमानाच्या दोन-तीन टक्के मिळाले तरी पुष्कळ. पण काही मीटर खाली गेलेल्या पाण्याला ऊन लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आणि इथेच शेततळ्यांबद्दल बोलायला हवं. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी तळ्यात घेतलं तर फायदाच आहे. पण सांगोल्याचं डाळिंब असो की नान्नजची द्राक्षं, बागेच्या आधाराला प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं पुष्कळदा विहिरीतून किंवा बोअरमधून भरतात. म्हणजे सावलीतलं पाणी वीज खर्चून उन्हात आणून ठेवायचं. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. फेब्रुवारी ते मे दिवसाला सहा मिलिमीटर धरलं, तरी त्यातलं पाच-सहा लाख लिटर, म्हणजे चौथा हिस्सा, बागेपर्यंत पोचतच नाही. तोंड लहान ठेवून खोली वाढवली तर हा तोटा घटतो. पण खाली काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च सुरू होतो, म्हणून काही जण तळ्यावर शेडनेट ताणतात. त्याने सावली होते, वाराही अडतो, आणि उडणाऱ्या पाण्यातलं बरंच वाचतं.